परसातील आजारी कोंबडी

परसातील कोंबडी आजारी पडली, की आपण प्रथम तिची किंमत करतो. मान पिळवटलेली, पंख गळालेले, विष्ठा हिरवट. म्हणजे बहुधा मानमोडी. कुमाऊंतील राणीखेत गावाचे नाव मिळालेल्या या रोगावर औषध नाही. लस आहे, पण ती निरोगी पक्ष्यांसाठी. मग व्यवहारी तोड निघते: मरण्याआधी विकून टाका. अंडी देत होती तोवर ती ‘आमची’ होती. मान वळताच ती बाजाराची होते! तिच्याबरोबर रोगही दुसऱ्याच्या खुराड्यात जातो. शेजारधर्माचा हा भंग कोणालाच पाप वाटू नये, याचे आम्हांला नवल वाटते.

ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात (१९९२) कलम २४१८ दोन गोष्टी एकत्र सांगते. प्राण्यांना विनाकारण वेदना देणे माणसाला शोभत नाही. आणि माणसांचे दुःख हलके करण्यास लागणारा पैसा प्राण्यांवर खर्चणेही शोभत नाही. दुसऱ्या वाक्याच्या आडोशाने पहिले विसरणे सोपे. पण येथे पैशाचा प्रश्नच कोठे येतो? वेगळे डालगे, कोरडा पेंढा, चोचीजवळ पाणी आणि नंतर आपले हात स्वच्छ धुणे, एवढेच काम.

उद्या जिचा रस्सा व्हायचा तिची शुश्रूषा कशाला, असे कोणी विचारील. तिला आपण कोंडले आहे, म्हणून. तहानेने व्याकूळ झाली तरी ती पाणवठा शोधायला जाऊ शकत नाही. तिचे हाल पाहवेनासे झाले, तर झटकन सुटका करावी आणि खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे. ते मांस कोणाला देऊ नये, स्वस्तातही नाही.