पेट्रोलपुरतं हेल्मेट

१ ऑगस्ट २०२५पासून भोपाळमध्ये हेल्मेटशिवाय दुचाकीत पेट्रोल द्यायचं नाही, असा आदेश निघाला. त्यावर निघालेला तोडगा आपल्या ओळखीचाच: शेजारच्याचं हेल्मेट मागून घ्यायचं, टाकी भरायची, हेल्मेट परत द्यायचं. पेट्रोलसाठी डोकं झाकणारा माणूस डोक्यासाठी मात्र ते झाकत नाही.

‘डोकं माझं, मी बघून घेईन’ हे उत्तर तयार असतंच. अपघातात माणूस एक तर जातो, नाही तर वाचतो, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. पण डोकं आपटतं तेव्हा मेंदू कवटीच्या आत हिसकला जातो, त्यातले बारीक तंतू ताणले जातात. सीटी स्कॅन स्वच्छ येऊ शकतो, टाके निघतात, माणूस कामावर रुजू होतो. काहींच्या मेंदूत मात्र दाह पुढे वर्षानुवर्षं धुमसत राहतो. टाऊ नावाचं प्रथिन बिघडून साठू लागतं. २०२०मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, टाळता येण्याजोग्या कारणांत डोक्याच्या दुखापतीची भर घातली. प्रत्येकाच्या वाट्याला हे येत नाही. आलं, तर ते थांबवणारं औषध आज नाही. बदललेला स्वभाव आधी बायकोला जाणवतो, हिशेबातले घोळ मुलीला. बघून घ्यायची वेळ येते तेव्हा ते त्यांनाच करावं लागतं.

इजा मागे उरते, हे भोपाळला सांगायला नको. १९८४च्या डिसेंबरमधल्या विषारी वायुगळतीच्या रात्रीनंतर वायू ओसरला, दुखणी राहिली; श्वासाची, डोळ्यांची, काहींची विसराळूपणाचीही. तरी बहुतेकांची इजा ‘तात्पुरती’ ठरवून सुरुवातीला पंचवीस हजार रुपयांवर बोळवण झाली. तिथे लोकांच्या हाती काहीच नव्हतं, म्हणून दोन्ही गोष्टी एका तागडीत घालू नयेत. पण ‘तात्पुरती’ हा शेरा किती स्वस्तात मारता येतो, ते या शहरानं पाहिलं आहे.

हेल्मेटनं सगळं टळतं असंही नाही. आतला फोम चेपून धक्का सोसतो, म्हणून एकदा आपटलेलं हेल्मेट बदलायचं. हनुवटीखालचा पट्टा लावलाच नाही, तर ते ऐन वेळी डोक्यावर राहत नाही. मार बसून गेल्यावर ‘काही झालं नाही’ म्हणत लगेच गाडीवर किंवा क्रिकेटच्या मैदानात परतू नये; सावरायच्या आत बसलेला दुसरा फटका फार महागात पडतो. आणि पुढे हेल्मेटवाला नवरा, मागे नुसती ओढणी घेतलेली बायको, मध्ये उघड्या डोक्याचं पोर, हे दृश्य चौकाचौकात दिसतं. कायदा मागच्यालाही लागू आहे, चार वर्षांवरच्या पोरालाही. त्या घरात हेल्मेट एकच का, हे त्या नवऱ्याला कुणीतरी विचारायला हवं.