परवान्याचं तिकीट

ऑल इंडिया रेडिओला पंचवीस वर्षं पूर्ण झाली तेव्हा, ८ जून १९६१ रोजी, टपाल खात्याने १५ नव्या पैशांचं एक निळं तिकीट काढलं. त्या काळच्या आपल्या सगळ्या तिकिटांसारखं हेही नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेलं. त्यावर आकाशवाणीचं बोधचिन्ह आहे, प्रक्षेपणाची यंत्रसामग्री आहे. माणूस एकही नाही. बोलणारा नाही, आणि ऐकणारा तर नाहीच नाही.

एवढ्याशा कागदाकडून फार अपेक्षा करू नये, हे कबूल. पण स्मारक तिकिटात सरकार स्वतःची आठवण कशी ठेवतं ते दिसतं, म्हणून त्यावर काय नाही तेही पाहावं लागतं. पहिली गोष्ट तारखेची. पंचवीस वर्षं मोजली ती १९३६ पासून, म्हणजे प्रक्षेपण नियंत्रक लायोनेल फील्डन यांच्या कारकिर्दीत 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव पडलं तिथपासून. प्रक्षेपण मात्र त्याआधीचं. मुंबईत १९२३ साली हौशी मंडळींचा रेडिओ क्लब होता. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी मुंबईतच इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचं उद्घाटन केलं. ही कंपनी खासगी होती. ती १९३० मध्ये बुडाली, मग सरकारने ती चालवायला घेतली. सरकारी खात्याचा वाढदिवस खात्याच्या नामकरणापासून धरला, तर हौशी मंडळी आणि बुडालेले भागधारक दोघंही आपोआप गळतात.

इंग्रजांनी तरी काय वेगळं केलं? बीबीसीला पन्नास वर्षं झाली तेव्हा, १९७२ मध्ये, ब्रिटनच्या टपाल खात्याने चार तिकिटं काढली. एकावर मायक्रोफोन, एकावर टीव्हीचा कॅमेरा, एकावर मार्कोनीच्या काळातलं ठिणगी पाडणारं यंत्र. चौथ्यावर कर्ण्यासारखा लाउडस्पीकर. घरात आवाज पोहोचायचा त्या टोकाची निदान एक वस्तू त्यांनी घेतली, इतकंच. कर्ण्यासमोर बसलेला माणूस तिथेही नाही.

पण ऐकणाऱ्या माणसाचं तिकीट आपल्याकडे होतं. ते स्मारक नव्हतं, संग्राहकांच्या अल्बमात त्याला मानाची जागा नव्हती, आणि ते पाकिटावर लावायचं नसे.

रेडिओ बाळगायला परवाना लागे, आणि तो पोस्टात मिळे. कोकणातल्या जुन्या घरांत फडताळ उपसलं तर अजूनही ते छोटं पुस्तक हाती लागतं. आत मालकाचं नाव, पत्ता, संचाची कंपनी आणि नंबर. पुढची पानं वर्षागणिक पैसे भरल्याची. दर वर्षी पोस्टात जायचं, शुल्क भरायचं, की मास्तर 'ब्रॉडकास्ट रिसीव्हर लायसन्स फी' असं छापलेलं खास तिकीट पानावर डकवत आणि त्यावर धप्पकन गोल शिक्का मारत. शिक्क्यात गावाचं नाव आणि तारीख. चार पानं उलटली की कळतं, या घराने अमुक साली रेडिओ घेतला, एका वर्षी भरणा उशिरा झाला म्हणून दंड पडला, आणि नंतर एका वर्षी घरात ट्रान्झिस्टर आला. परवाना नसेल तर इन्स्पेक्टर येईल ही धास्ती असायची. काही घरांत तेवढ्यासाठी रेडिओवर टॉवेल टाकलेला असे, जणू आवाजही झाकला जाणार होता.

या पुस्तकामागे सबंध अर्थकारण होतं. १९२७ मध्ये परवान्याचं शुल्क वर्षाला १० रुपये, आणि त्यातले ८० टक्के त्या मुंबईच्या कंपनीला मिळत. सुरुवातीला सगळ्या हिंदुस्थानात परवाने होते हजाराच्या आसपास. तीन वर्षं धडपडूनही ते आठ हजारांच्या वर गेले नाहीत. चोरून ऐकणारे वेगळे. एवढ्या पैशांत गवई, वादक, इंजिनिअर आणि प्रक्षेपक पोसायचे म्हटल्यावर कंपनीचं व्हायचं ते झालं. पुढे सरकारच्या हाती आल्यावर परवाने लाखांत आणि मग कोटीत गेले, पण धोरण करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर श्रोता उभा राही तो परवाना म्हणूनच. ज्याच्या नावाचं पुस्तक, तो श्रोता. त्याच्या ओटीवर संध्याकाळी जमणारी वाडी कुठल्याच रकान्यात नसे. कोकणात तर एका संचामागे अख्खी आळी ऐके.

१ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, त्या मुंबई, पुणे आणि नागपूर इथून. महाराष्ट्राच्या तीन शहरांत श्रोत्याला पहिल्यांदा गिऱ्हाईक म्हणून किंमत आली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर परवाना रद्द झाला तेव्हा लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि ते साहजिक होतं. मला मात्र वाटतं की त्या दिवशी श्रोत्याचा एक हक्क हातचा गेला. वर्षाला पंधरा रुपये भरणारा माणूस पोस्टाच्या खिडकीशी उभा राहून 'आमचे पैसे घेता, मग खरखर का ऐकू येते?' असं विचारू शकत होता. फुकट ऐकणाऱ्याला तसं विचारायला तोंड राहत नाही.

आता भाट्याला जाऊ.

रत्नागिरी शहराच्या दक्षिणेला काजळी नदी समुद्राला मिळते. त्या खाडीवरचा पूल ओलांडला की भाट्ये. सरळसोट दीडेक किलोमीटरची पुळण, कडेला सुरूचं बन, टोकाला झरी विनायक. इथे १९५५ पासून नारळ संशोधन केंद्र आहे, म्हणजे दापोलीच्या कृषी विद्यापीठाहूनही जुनं. 'प्रताप' ही नारळाची जात इथलीच. गाव तसा शांत, पण रेडिओचा विचार करायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

त्याचं कारण खारं पाणी. मीडियम वेव्हच्या लहरी दिवसा जमिनीचा पृष्ठभाग धरून जातात. जांभ्याच्या कोरड्या सड्यावर त्या लवकर विरतात. समुद्रावरून त्या दूरवर जातात, कारण खारं पाणी विजेचं चांगलं वाहक. त्यामुळे रत्नागिरी केंद्राचा आवाज सह्याद्रीच्या पायथ्याच्या, डोंगराआड दडलेल्या वाडीपेक्षा समुद्रातल्या होडीवर अधिक स्वच्छ लागावा, हे भौतिकशास्त्राला धरून आहे. कलेक्टर कचेरीतल्या नकाशात जिल्हा पूर्वेकडे पसरलेला, रेडिओचा जिल्हा पश्चिमेकडे. सूर्य बुडाला की लहरी वरच्या वातावरणावरून परतून येऊ लागतात आणि त्याच पट्ट्यात पलीकडच्या किनाऱ्यावरचं अरबी गाणं घुसतं. भाट्याच्या पुळणीवर संध्याकाळी ट्रान्झिस्टर लावणाऱ्याला हे कोणी शिकवायला लागत नाही.

आकाशवाणीचं रत्नागिरी केंद्र सुरू झालं ३० जानेवारी १९७७ रोजी. तारीख पाहण्यासारखी आहे. निवडणुका जाहीर होऊन जेमतेम बारा दिवस झाले होते आणि आणीबाणी अजून उठलेली नव्हती. रेडिओवर सरकारचंच चालायचं, आणि लोक त्याला 'ऑल इंदिरा रेडिओ' म्हणून हसायचे, तो हा काळ. त्याआधी रत्नागिरीकर ऐकत ते मुंबई, पुणे, १९६३ पासून सांगली, आणि दक्षिणेकडे पणजी. कोकण रेल्वे पूर्ण झाली १९९८ मध्ये, म्हणजे रेडिओ केंद्र रेल्वेच्या दोन दशकं आधी आलं. ज्या गावी इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला आणून ठेवलं आणि पुढे सावरकरांना स्थानबद्ध केलं, ते गावच मुळी कोणाचा आवाज बाहेर पोहोचू नये म्हणून निवडलेलं. तिथून १,१४३ किलोहर्ट्झवर रोज सकाळी बोलणं बाहेर जाऊ लागलं.

बाहेर जाऊ लागलं, एवढंच. आत यायला रेडिओला वाट नसते. प्रक्षेपकाला कान नाही. ती उणीव भरून काढली पोस्टाने, आणि ही गोष्ट त्या निळ्या तिकिटावर यायला हवी होती असं मी म्हणतो.

'आपली आवड'ला फर्माईश जाई ती पोस्टकार्डावर. पत्रोत्तरांच्या कार्यक्रमात वाचली जात ती टपालाने आलेली पत्रं. शेतकी कार्यक्रमात गेंड्या भुंग्यावर कोणी बोललं, तर आपल्या माडाचा कोंब का मोडला हे विचारायला भाट्यातला माणूस फार तर संशोधन केंद्रात चालत जाईल. राजापूरच्या आतल्या वाडीतला माणूस कार्डच लिहिणार. कार्डावर जागा थोडी, त्यामुळे प्रश्न नेमका, आणि शेवटी घरातल्या सगळ्यांची नावं दाटीवाटीने बसवलेली. नाव रेडिओवर ऐकू आलं की अख्ख्या वाडीत त्या घराची प्रतिष्ठा वाढे. गिरणगावातला चाकरमानी मुंबईला 'कामगार सभा' ऐके, गावी त्याची आई त्याच केंद्रावर तोच कार्यक्रम ऐके, आणि दोघांमध्ये ये-जा करी ती मनीऑर्डर.

हे पत्रांचं काम निव्वळ हौसेचं होतं असं कोणी समजू नये. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रातून एक प्रयोग झाला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळं स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस. गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकायचं, चर्चा करायची, प्रश्न लिहून केंद्राकडे पाठवायचे आणि पुढच्या खेपेला उत्तर ऐकायचं. टाटा समाजविज्ञान संस्थेने समाजशास्त्रज्ञ पॉल नॉयराथ यांच्या देखरेखीखाली त्याची पाहणी केली, आणि निष्कर्ष उत्साहाचे निघाले. नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा मंडळ असलेल्या गावांत लोक जास्त शिकले. फरक संचाचा नव्हता. बसून बोलण्याचा आणि उलट टपालाचा होता. रत्नागिरी त्या पाचांत नव्हतं, याची थोडी खंत वाटते. तेव्हाच्या रत्नागिरीत आजचं सिंधुदुर्गही होतं, आणि तिथे ऐकण्याला निराळाच रंग चढला असता.

याच सुमाराला केंद्रात नभोवाणीमंत्री होते बाळकृष्ण केसकर, आपले पुण्याचे. १९५२ ते १९६२ हा त्यांचा काळ, म्हणजे ते निळं तिकीट त्यांच्याच कारकिर्दीतलं. शास्त्रीय संगीतासाठी त्यांनी जे केलं त्याबद्दल मला आदर आहे. सिनेगीतांना मात्र त्यांनी जवळजवळ दार लावलं. श्रोता उठून रेडिओ सिलोनकडे गेला. तिथल्या बिनाका गीतमालेसाठी देशभरातून पत्रांचे ढीग मुंबईला येऊन पडू लागले. गंमत अशी की ती पत्रं वाहून नेत होतं भारत सरकारचंच टपाल खातं. एका खात्याने जे गाणं रोखलं, त्याची फर्माईश दुसरं खातं तिकिटाचे पैसे घेऊन इमानेइतबारे पोहोचवत होतं. १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली ती या रेट्यामुळे. कोणतं गाणं हवं हे संसदेत कोणी विचारलं नव्हतं. ते पोस्टकार्डांनी कळवलं.

आता फोन आहे, व्हॉट्सॲप आहे, निवेदकाला श्रोत्याचा निरोप कार्यक्रम चालू असतानाच येतो. सोय झाली, त्यात वाद नाही. पण फोनवरचा श्रोता हॅलो म्हणतो, गाणं सांगतो आणि जातो. कार्ड लिहिणाऱ्याला चार दिवस विचार करायला मिळत, आणि केंद्रात ते कार्ड फायलीला लागे. त्या फायली नीट जपल्या असत्या तर कोकणाच्या गेल्या अर्धशतकाचा इतिहास लिहिणाऱ्याला सरकारी अहवाल उघडायची गरज फारशी पडली नसती.

३० जानेवारी २०२७ रोजी रत्नागिरी केंद्राला पन्नास वर्षं होतील, आणि त्याच वर्षी २३ जुलैला मुंबईतल्या कंपनीच्या त्या केंद्राला शंभर. शंभरीचं तिकीट निघेलच असं धरून चालायला हरकत नाही. त्यावर पुन्हा मनोरा आणि लहरींची वर्तुळं येतील ही भीतीही बाळगायला हरकत नाही. माझ्या मते परवान्याच्या पुस्तकाचं एक पान जसंच्या तसं छापावं: डकवलेलं तिकीट, तिरका बसलेला गोल शिक्का, उशिराच्या दंडाची नोंद. तिकिटावर तिकीट छापायचा प्रघात टपाल खात्यात आहेच. श्रोत्याचं चित्र हवं असेल तर मात्र अडचण आहे, कारण जिवंत माणसावर स्मारक तिकीट काढायचं नाही असा खात्याचा दंडक आहे, आणि आमचे बरेच श्रोते सुदैवाने जिवंत आहेत. त्यावरही खात्यानेच तोड काढून ठेवली आहे. 'माय स्टॅम्प' योजनेत पैसे भरले की कोणाचाही फोटो तिकिटाशेजारी छापून मिळतो, लग्नातल्या नवरानवरीचासुद्धा. तेव्हा भाट्याच्या जुन्या श्रोत्यांनी पूल ओलांडून रत्नागिरीच्या पोस्टात चौकशी करावी आणि पैसे भरून स्वतःची तिकिटं काढून घ्यावीत. रेडिओपायी पोस्टात पैसे भरण्याची सवय त्यांच्या घराण्यात आहेच.