पाऊस, पंच आणि पैज

‘राजाने मारले आणि पावसाने झोडपले, तर दाद कोणाकडे मागावी?’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ती बोलणाऱ्याचा अनुभव खरा आहे, यात शंका नाही. तथापि तिच्यात एक गफलत आहे. पाऊस आणि राजा यांना तिने एका ओळीत बसविले आहे. पावसाला बुद्धी नाही, म्हणून त्याला दोष नाही. राजाला बुद्धी आहे आणि वर न्यायासनही आहे. दोघांचा मार अंगाला सारखाच लागतो एवढ्यावरून दोघांना एका वर्गात घालणे बरोबर नव्हे. आजच्या काळात ही गफलत सर्वांत पद्धतशीरपणे कोण करीत असेल, तर तो फुटबॉलवर पैज लावणारा भाकीतकार.

त्याची रीत पाहण्याजोगी आहे. दोन्ही संघांचे बलाबल मांडून झाले की तो आणखी दोन रकाने आखतो : एक हवामानाचा, दुसरा पंचाचा. ओल्या गवतावर चेंडू वेगाने घसरतो, गोलरक्षकाच्या हातून निसटतो. चिखल झाला की तोच चेंडू मध्येच रुततो आणि जवळच्या जवळ चेंडू खेळविणाऱ्या कसबी संघाचे कसब फिके पडते. हे झाले हवामान. पंचाच्या रकान्यात तो लिहितो की, हा गृहस्थ सामन्यागणिक किती पिवळी कार्डे दाखवितो, पेनल्टी देताना हात आखडता घेतो की काय, आणि यजमान प्रेक्षकांच्या गलक्याला बधतो की नाही.

हे दोन्ही रकाने एकाच सामन्यात भरलेले पाहायचे असतील तर १९५४ सालची बर्न येथील विश्वचषकाची अंतिम लढत आठवावी. हंगेरीचा संघ चार वर्षे अपराजित होता आणि त्याच स्पर्धेत त्याने पश्चिम जर्मनीला ८–३ असे लोळविले होते. अंतिम सामन्याच्या दिवशी पाऊस लागला. पहिल्या आठ मिनिटांत हंगेरीने दोन गोल केले. पण ओल्या मैदानाला पकड घेणारे लांब खिळे बुटांना बसवून आलेले जर्मन खेळाडू हळूहळू वरचढ झाले आणि ३–२ असे पुढे गेले. अखेरच्या मिनिटांत पुश्काशने चेंडू जाळ्यात मारला. बाजूच्या पंचाने निशाण उंचावले, मुख्य पंच विल्यम लिंग यांनी ऑफसाइड ठरविले, आणि बरोबरी हुकली. त्या पावसाविषयी हंगेरीत कोणी तक्रार केली असेल तर ती हळहळ म्हणून. निशाणाविषयी मात्र वाद अजून चालू आहे. माणसाच्या मनाला हा भेद आपोआप कळतो. पैजेच्या वहीला तो कळत नाही.

वऱ्हाडच्या माणसाला हे परके वाटू नये. आपल्याकडे पाऊस आणि पैज यांचा शेजार जुना आहे. १८८७ सालच्या मुंबईच्या जुगारबंदी कायद्यात जुगाराच्या विषयांची जी यादी कालांतराने तयार झाली, तिच्यात कापसाचा भाव, त्या भावातले आकडे, पाऊस पडणे वा न पडणे आणि पडलेल्या पावसाचे माप ही सगळी मंडळी शेजारी शेजारी नांदतात. मुंबईचा मटकाही मुळात न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील उघडत्या आणि मिटत्या भावांवर लागणाऱ्या आकड्यांतूनच निघाला. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी घट मांडतात. घागरीखाली चार ढेकळे, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. भोवती अठरा धान्ये. आणि पान-सुपारी म्हणजे राजा. दुसऱ्या दिवशी पहाटे भाकीत सांगतात. विज्ञान त्याला आधार देत नाही. पण मौज अशी की, इथेही पाऊस आणि राजा एकाच मांडणीत बसले आहेत.

अकोल्याच्या बाजारात कापूस आणणाऱ्या शेतकऱ्याचे नशीब असेच दोन हातांत असते. ऐन वेचणीच्या वेळी पाऊस आला की फुटलेली बोंडे भिजतात, कापसाची कवडी होते. पुढे खरेदी केंद्रावर ग्रेडर उभा असतो. ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण हमीभाव, बारापर्यंत कपात, बारापुढे खरेदी नाही, असा भारतीय कापूस महामंडळाचा शिरस्ता आहे. १९७२ साली सुरू झालेली आणि पुढे बंद पडलेली एकाधिकार खरेदी योजना असो की आजचे केंद्र असो, प्रत ठरविणारा माणूस हा शेतकऱ्याच्या दृष्टीने सामन्याचा पंचच. पावसाने किती भिजविले आणि माणसाने किती कापले, हे शेवटच्या पट्टीवर वेगळे लिहिलेले नसते.

यावर कोणी म्हणेल, पंचही माणूसच. त्याच्या चुकांनाही एक नियम असतो, मग तो हवामानाप्रमाणे मोजला तर बिघडले कुठे? आक्षेप वजनदार आहे. स्पेनच्या लीगमधील सामने तपासून २००५ साली तीन अर्थशास्त्रज्ञांनी दाखविले की, यजमान संघ एका गोलाने मागे असला की पंच जादा वेळ वाढवितात आणि पुढे असला की आखडतात. हे मोजमाप उपयोगाचेच आहे. प्रश्न मोजण्याचा नाही, मोजून काय इच्छावे याचा आहे. सुधारणा करणारा ही माहिती घेतो ती पंचाचा कल नाहीसा व्हावा म्हणून. पैज लावणारा घेतो ती तो कल तसाच टिकावा म्हणून. कल गेला तर त्याचे भांडवल गेले. अन्यायात ज्याचा पैसा गुंतला, त्याला अन्याय हे हवामान वाटू लागते.

याच वाटेने एक पायरी खाली उतरले की काय होते, हे त्याच वर्षी जर्मनीत उघड झाले. रॉबर्ट हॉयझर या पंचाने पैजेवाल्यांकडून पैसे घेऊन सामने फिरविले होते. २००४ साली पाडरबोर्न या दुय्यम संघाला त्याने हॅम्बुर्गविरुद्ध दोन पेनल्टी बहाल केल्या. न्यायालयाने त्याला दोन वर्षे पाच महिन्यांची शिक्षा दिली. पावसाला कोणी लाच देऊ शकत नाही. आणि पावसाला कोणी शिक्षाही देऊ शकत नाही. ही दोन वाक्ये मिळूनच पंचाची थोरवी आणि जबाबदारी सांगतात.

म्हणून पावसाबद्दल अंदाज करावा, पंचाबद्दल अपेक्षा करावी. अंदाज चुकला तर आपण छत्री बदलतो. अपेक्षा चुकली तर दाद मागतो, निर्णय पुन्हा तपासायला लावतो. २०१८ च्या विश्वचषकात चित्रफीत पाहून निर्णय तपासण्याची सोय आली ती कोणीतरी ही अपेक्षा सोडली नाही म्हणूनच. ‘पाचामुखी परमेश्वर’ म्हणणाऱ्या समाजाने पंचाला मोसमी वारा समजणे शोभत नाही. पट्टीवर कपात दिसली की ‘यंदा पाऊसच तसा होता’ असे म्हणून घरी वळणारा शेतकरी सोशिक खरा. पण ओलावा किती निघाला, तो आकडा दाखवा, असे शांतपणे विचारणारा त्याचा शेजारी त्याच्याही वाट्याचे काम करीत असतो.