एकाच ओळीचं टेबल

चि. सुहास,

लूमवाल्या शेठच्या बिलिंगचं काम घेतलंस, बरं झालं. पण फर्मचं नाव, जीएसटीचा दर आणि पुढचा बिल नंबर हे सगळं एकाच ‘सेटिंग’ टेबलात, नाव आणि किंमत अशा दोन रकान्यांत कोंबतोयस, ते मला पटलं नाही.

मेमरीतलं वीज गेली की जातं, म्हणून डेटाबेस, हे ठीक. मायएसक्यूएलमध्ये ‘सेट ग्लोबल’ने ठेवलेलंही सर्व्हर बंद होईपर्यंतच टिकतं. 8.0 पासून ‘सेट परसिस्ट’ आहे, पण ते सर्व्हरच्या स्वतःच्या सेटिंगसाठी. शेठचा पत्ता ठेवायला नव्हे.

नाव-पत्त्यासाठी एकाच ओळीचं टेबल कर, प्रत्येक गोष्टीला वेगळा रकाना. प्रायमरी की 1 च असावी अशी चेकची अट घाल, 8.0.16 च्या आधीचं मायएसक्यूएल मात्र ती अट मुकाट वाचतं आणि पाळत नाही. तुझ्या दोन रकान्यांत सगळाच मजकूर होतो. मुनीम ‘5%’ लिहील, एखादा ‘पाच’ लिहील, आणि हिशेब महिनाअखेरीला अडेल.

दराची जात वेगळी. 22 सप्टेंबर 2025 ला कृत्रिम सुतावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. तू तो एका जागी खोडून नवा लिहिला असतास, तर ऑगस्टचं बिल पुन्हा छापताना 5 टक्केच निघाले असते. म्हणून ‘कधीपासून लागू’ हा रकाना हवाच. शिवाय बिल करताना दर त्या बिलातच उतरवून ठेव.

खरी डोकेदुखी नंबराची. माझ्या एका जुन्या प्रोग्रामात गादीवर आणि गोदामात दोघांनी एकाच क्षणी 417 वाचला, दोघांनी 418 छापला. व्यापाऱ्यापुढे मान खाली गेली, ती माझी. आधी वाचून मग वाढवू नकोस. ट्रान्झॅक्शन उघड, आधी वाढव, मग वाच. कमिट होईपर्यंत नंबराची ती ओळ दुसऱ्याला बदलता येत नाही. त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये बिल लिही. ऑटो इन्क्रिमेंटवर सोडलंस तर फसलेल्या बिलाचा नंबर वाया जातो आणि मध्ये खिंडार पडतं; जीएसटीच्या नियम 46 ला आर्थिक वर्षात सलग नंबर हवा, सोळा अक्षरांच्या आत. तेव्हा प्रत्येक वर्षाची, प्रत्येक मालिकेची ओळ वेगळी.

तुमच्या बुऱ्हाणपुरात 1615 पासूनचा कुंडी भंडारा आहे. लहानपणी तुला दाखवला होता, आठवतं? सातपुड्याचं पाणी जमिनीखालच्या एकाच बोगद्यातून कुंडीकुंडीखालून वाहतं. वरच्या कुंडीत कुणी काही टाकलं की खालच्या सगळ्यांना तेच पाणी. या टेबलांचंही तसंच. नाव-पत्ता आणि दर लिहायचा अधिकार एकट्या मुनीमाला दे, बाकीच्यांना फक्त वाचायचा. आणि कुणी, कधी, काय बदललं त्याची वेगळी नोंद ठेव.

रविवारी येतो. वहिनींना सांग, मांडे करणार असतील तर सोमवारीही राहीन.

तुझा,
काका