मुलाने एन.सी.सी.च्या हवाई विभागात जावे काय?

पावसाळा सरल्यावर आमच्या मंडळीची शब्बाथशाळा असीरगडावर सहलीस गेली होती. बऱ्हाणपुराहून खांडव्याच्या रस्त्याने सुमारे वीस किलोमीटर उत्तरेस गेले म्हणजे सातपुड्याच्या रांगेत हा किल्ला दिसू लागतो. तापी आणि नर्मदा यांच्या खोऱ्यांमधील वाट त्याच्या नजरेखालून जाते, म्हणून पूर्वी त्याला दक्षिणेचा दरवाजा म्हणत. वर फारुकी राजांच्या काळातील जामा मशीद आहे, महादेवाचे देऊळ आहे, इंग्रजी पलटणींच्या पडक्या बराकी आहेत, आणि गवतात बुडालेल्या काही ख्रिस्ती कबरीही आहेत. मुले डबे उघडून बसली तेव्हा आमच्या मंडळीतील एका बंधूंनी आम्हांस बाजूला घेतले आणि मोबाईलवर एक अर्ज दाखवला. त्यांचा मुलगा सतरा वर्षांचा, नागपूरला कॉलेजात नुकताच दाखल झालेला. त्याला एन.सी.सी.च्या हवाई विभागात नाव घालायचे होते आणि बापाची सही पाहिजे होती. "मास्तर, सही करू का नको?" एवढेच त्यांनी विचारले.

आम्ही चटकन "करा की" म्हणणार होतो. पण समोर कबरी होत्या, मागे तटावरच्या तोफांच्या जागा होत्या, आणि शब्द तोंडातच राहिला.

प्रथम ही गोष्ट काय आहे ते नीट पाहू. राष्ट्रीय छात्रसेना १९४८ च्या कायद्याने स्थापन झाली. तिचा हवाई विभाग १ एप्रिल १९५० रोजी मुंबई आणि कलकत्ता येथील एकेका स्क्वाड्रनने सुरू झाला. १९६२ च्या चीन युद्धानंतर, १९६३ मध्ये, कॉलेजातील मुलांना हे शिक्षण सक्तीचे झाले; १९६८ मध्ये ते पुन्हा ऐच्छिक करण्यात आले. तेव्हा आज जो जातो तो आपखुशीने जातो, हे ध्यानात ठेवले पाहिजे. हवाई विभागात कवायत असते, विमानविद्येची तोंडओळख असते, लाकडाची लहान विमाने करून उडवायला शिकवतात, बंदुकीचा नेम शिकवतात, आणि निवडक मुलांना हलक्या विमानात शिक्षकाच्या शेजारी बसून उड्डाण मिळते. कॅडेट झाल्याने लढाईवर जाण्याचे बंधन येत नाही, हे कायद्यातच आहे. पण 'सी' प्रमाणपत्र हाती आले की वायुदलाच्या उड्डाण शाखेत लेखी परीक्षेवाचून निवड मंडळापुढे जाण्याची एक खास वाट उघडते. पुष्कळ मुले त्याच वाटेकडे डोळे लावून येतात, आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही.

या कार्याचे जे चांगले आहे ते आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत कॅडेटांनी दारूगोळ्याच्या कारखान्यांना हातभार लावला, बचावाच्या व वाहतूक नियंत्रणाच्या कामी मदत केली. २०२० च्या साथीत ते रस्त्यांवर आणि मदतकेंद्रांवर उभे होते. २०१३ साली उत्तराखंडात पूर आला तेव्हा वायुदलाच्या हेलिकॉप्टरांनी हजारो अडकलेल्यांना बाहेर काढले, आणि २५ जून रोजी गौरीकुंडाजवळ त्यांतील एक कोसळून वीस जण प्राणास मुकले. जे परक्यांसाठी मरतात त्यांच्याविषयी मंडळीने तोंड वाकडे करून बोलू नये.

आता शास्त्राकडे वळू. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई आले आणि आम्ही काय करावे म्हणून विचारू लागले, तेव्हा त्याने त्यांना जुलूम व खोटे आरोप करू नका, पगारात समाधान माना असे सांगितले. नोकरी सोडा असे सांगितले नाही (लूक ३:१४). कर्नेल्य शताधिपती होता, पेत्राने त्याचा बाप्तिस्मा करविला, तलवार काढून घेतली नाही (प्रे. कृत्ये १०). एवढ्यावर पुष्कळ उपदेशक थांबतात आणि सही करून मोकळे होतात. पण त्याच शास्त्रात प्रभूने गेथशेमाने बागेत पेत्राला तलवार म्यानात घालायला लावली, आणि दावीदाला मंदिर बांधू दिले नाही ते त्याने पुष्कळ रक्त सांडले म्हणून (१ इतिहास २२:८). दोन्ही बाजूंची वचने एकाच पुस्तकात आहेत. ज्याला एकच बाजू दिसते त्याने पुस्तक अर्धेच वाचले आहे, असे आम्हांस वाटते.

आरंभीच्या मंडळीतही मत एक नव्हते. इ.स. २९५ मध्ये उत्तर आफ्रिकेत मॅक्सिमिलियन नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाला सैन्यभरतीसाठी उभे केले. आपण ख्रिस्ती आहोत, शिपाई होऊ शकत नाही, असे तो म्हणाला. सुभेदाराने त्याला दाखवून दिले की बादशहाच्या खास पहाऱ्यातही ख्रिस्ती शिपाई आहेत. त्यावर मॅक्सिमिलियनने त्यांना दोष दिला नाही. त्यांना काय योग्य ते तेच जाणोत, मला हे करता येत नाही, एवढेच तो बोलला. त्याचा बाप तेथे हजर होता. मुलाला समजाव, असे सुभेदाराने त्याला सांगितले. मुलाला स्वतःचे मन आहे, असे म्हणून बापाने नकार दिला. मुलाचा शिरच्छेद झाला. आम्ही ही कथा वाचतो तेव्हा त्या बापापाशीच अधिक वेळ थांबतो.

आता या किल्ल्याचीच एक गोष्ट सांगतो. ती फार थोड्यांना ठाऊक आहे. १६०० साली अकबर बादशहाने असीरगडाला वेढा दिला. आत फारुकी वंशाचा बहादूरखान होता. वेढा लांबला, आणि बादशहाकडे तट फोडणाऱ्या तोफा पुरेशा नव्हत्या. छावणीत त्याच्यासोबत जेरोम झेवियर व बेनेडिक्ट गोईस हे जेझुइट होते. पोर्तुगीजांना पत्र लिहून तोफा व दारूगोळा मागवा, असे बादशहाने झेवियरला सांगितले. ही मागणी आपल्या धर्माला धरून नाही, असे सांगून झेवियरने नकार दिला. बादशहा इतका संतापला की त्यांना समोरून निघून जाण्याचा हुकूम झाला. राग निवळल्यावरच पुन्हा बरे दिवस आले. हा वृत्तान्त त्यांच्याच पत्रांच्या आधारे पुढे लिहिला गेला. ते रोमन पंथाचे होते म्हणून आम्ही प्रॉटेस्टंटांनी ही गोष्ट टाकून द्यावी, असे आम्हांस वाटत नाही.

पण गोष्ट येथे संपवली तर आम्ही लबाडी केली असे होईल. पोर्तुगीजांचा बहादूरखानाशी सलोखा होता. त्याच वृत्तान्ताप्रमाणे किल्ल्याच्या आत, बचावाच्या बाजूला, पोर्तुगीज लढवय्येही होते. म्हणजे बाहेर ख्रिस्ती धर्मगुरू तोफा मागवण्यास नकार देत होता आणि आत बाप्तिस्मा झालेले लोक तोफांशेजारी उभे होते. झेवियरचा नकार निर्मळ विवेकबुद्धीचा होता, की स्वजातीच्या मित्राविरुद्ध शस्त्र द्यायचे नाही हा हिशेब त्यात होता? आमच्या मते दोन्ही असावे. मनुष्याचा धर्मभाव क्वचितच गाळून घेतलेल्या पाण्यासारखा मिळतो. तरी तो बादशहाच्या तोंडावर 'नाही' म्हणाला, आणि ती किंमत खरी होती. किल्ला जानेवारी १६०१ मध्ये पडला. मुघल लेखक त्याचे कारण आतील रोगराई सांगतात. जेझुइट म्हणतात की वचन देऊन बहादूरखानाला बाहेर बोलावले आणि अडकवले, व पुढे पैसा चारला.

विमानाच्या बाबतीत हा प्रश्न आणखी कठीण होतो. तटावरच्या शिपायाला ज्याला मारायचे त्याचे तोंड दिसे. वरून तोंड दिसत नाही. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर जाणारे विमान टिनियन बेटावरून निघण्यापूर्वी एका लुथरन पाद्र्याने त्या वैमानिकांसाठी प्रार्थना केली होती. त्याच बेटावर जॉर्ज झाबेल्का हे कॅथलिक पाद्री होते. पुढे आयुष्याच्या उत्तरार्धात ते, आपण त्या वेळी गप्प राहिलो हे पाप झाले, असे गावोगाव सांगत फिरले. तीन दिवसांनी दुसरा बॉम्ब नागासाकीवर पडला. जपानातील सर्वांत मोठी ख्रिस्ती वस्ती त्याच शहरातील उराकामी भागात होती. आमच्या या किल्ल्यावरच्या देवळात अश्वत्थामा अजूनही पहाटे फूल वाहून जातो, अशी आसपासच्या लोकांची श्रद्धा आहे. रात्री निजलेल्यांवर शस्त्र चालवले म्हणून त्याला मरणही मिळाले नाही. शेजाऱ्यांच्या या कथेत आम्हां ख्रिस्ती लोकांनाही विचार करण्यासारखे आहे.

मग मुलाला घरी ठेवावे काय? तसेही आम्ही म्हणत नाही. आम्ही स्वतः शाळेत असताना एन.सी.सी.त होतो. पहिल्यांदा .२२ रायफल हाती आली आणि कागदावरच्या वर्तुळात छिद्र पडले, तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो. त्या आनंदात पाप होते असे नाही. पण त्या वेळी कोणीही, आमच्या पाळकांनीही, आम्हांला विचारले नाही की वर्तुळाच्या जागी माणूस असता तर काय करशील. रविवारी कवायत असेल तर उपासनेचे काय, यावर मात्र मंडळीत तासभर वाद झाला होता. रविवारचा प्रश्न क्षुल्लक नाही. दहा दिवसांचे शिबिर म्हटले की त्यात रविवार येणारच. परंतु चुकलेली उपासना पुढल्या रविवारी भरून निघते. न विचारलेला प्रश्न पंचवीस वर्षे तसाच पडून राहिला.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी १ शमुवेल २२ हा अध्याय मोठ्या मुलांना शिकवावा, अशी आमची विनंती आहे. नोब येथील याजकांना ठार करा, असा हुकूम शौल राजाने आपल्या पहारेकऱ्यांना दिला. ते त्याचेच शिपाई होते, शस्त्र चालवणे हेच त्यांचे काम, आणि त्यांनी हात उचलला नाही. मग दवेगाने ते काम केले. शिस्त शिकलेले दोघेही. एकाच राजाच्या चाकरीत. कवायतीत हुकूम ऐकायला शिकवतात, आणि शिकवलेच पाहिजे, नाहीतर आकाशात दोन विमाने एकमेकांवर आदळतील. न उचलायचा हात कोठे शिकवायचा? ते काम एन.सी.सी.चे नव्हे, आमचे आहे. आणि आम्ही ते केलेले नाही. नाताळच्या नाटकात हेरोदाचे शिपाई म्हणून मुलांना पुठ्ठ्याच्या तलवारी देतो, एवढेच.

म्हणून त्या बंधूंना आम्ही तटावर बसून असे सांगितले: सही करण्याआधी मुलाला फोन करा. कशासाठी जातोस ते विचारा. 'शिस्तीसाठी' असे म्हणाला तर विश्वास ठेवू नका. सतरा वर्षांचा कोणताही मुलगा शिस्तीसाठी कोठे जात नाही. तो अध्याय वाचायला लावा, आणि त्याला काय वाटले ते ऐका. तुमचे मत शेवटी सांगा.

त्यांनी त्याच संध्याकाळी फोन केला. मुलगा म्हणाला, "पपा, मला विमान उडवायचं आहे. बाकीचं खरं सांगायचं तर मी कधी मनात आणलंच नाही." दोन दिवसांनी त्याने अध्याय वाचून उलट फोन केला आणि बापाला विचारले की त्या पहारेकऱ्यांचे पुढे काय झाले. शास्त्रात ते लिहिलेले नाही. बाप आमच्याकडे विचारायला आला. आम्हीही पान उलटून पाहिले.

सही मंगळवारी झाली. मुलाच्या आईने मात्र अजून होकार दिलेला नाही. ती आम्हांस उपासनेनंतर दारात भेटली आणि म्हणाली, "मास्तर, तुम्ही दोघं हुकमाचं बोलत बसलात. विमान पडतं त्याचं काय?"