अंगण वाकडं नव्हतं

उभा राहा. खाली काय बघतोस, इकडे बघ. रविवारी 200 किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरल्या वेळेत पुऱ्या करायच्या सायकल सफरीला, मिरवत निघालास आणि खंबाटकी घाटाच्या अलीकडूनच टेम्पोत सायकल टाकून परत आलास. वर सगळ्यांना सांगत सुटलास की रस्ताच खराब होता. रस्ता काय तुझ्या एकट्यासाठी वेगळा होता? साठी उलटलेले काका त्याच रस्त्यानं जाऊन साडेतेरा तासांच्या मुदतीत परतले. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

23 मिलिमीटरचा टायर आणि त्यात 120 पीएसआय हवा. एवढी कोणी सांगितली होती? म्हणे टायरच्या कडेला छापलंय. अरे, तिथे ‘मॅक्स’ लिहिलंय. ती वरची मर्यादा आहे, तेवढी भरलीच पाहिजे असा हुकूम नाही. म्हणे कडक टायर जोरात पळतो. टायर तपासायच्या गुळगुळीत लोखंडी ड्रमवर पळतो, कबूल. पण त्या ड्रमवर 70 किलोचा माणूस बसलेला नसतो. खडबडीत डांबरावर कडक टायर खडी गिळत नाही, दर खड्याला तुला सायकलसकट वर उडवतो. ते उडवायला लागणारा जोर कुठून येतो? तुझ्याच पायांतून. तळहाताला मुंग्या आल्या म्हणून कुरकुरत होतास ना? ती तुझी वाया गेलेली ताकद होती.

आराम हवा तर वेग सोडावा लागतो, हे तुझ्या डोक्यात कोणी भरवलं? 1887-88 साली बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरनं हवेचा टायर केला, तो पोराच्या तीनचाकीला धक्के बसू नयेत म्हणून. शर्यतीसाठी नव्हे. पुढच्याच वर्षी विली ह्यूम तसले टायर लावून शर्यतीत उतरला आणि भरीव रबरवाल्यांना मागे टाकून जिंकला. पॅरिस-रूबेच्या शर्यतीत 50 किलोमीटरहून जास्त अंतर दगडी फरसबंदीवरून जातं. तिथले पट्टीचे स्वार आज 30 किंवा त्याहून रुंद टायर लावतात. त्यांना काय वेगाचं वावडं आहे? आणि तू सातारा रस्त्यावर 23 लावून जातोस!

आता ही तुझी ट्यूब. काटा लागला म्हणालास. काट्याचं भोक एक असतं. इथे शेजारी शेजारी दोन चिरा आहेत, दिसतात? पहिल्या पंक्चरनंतर हातपंपानं कशीबशी पन्नासेक भरलीस आणि खड्ड्यात घातलीस. रिमनं ट्यूब चिमटली. म्हणजे आधी नको तितकी जास्त, मग नको तितकी कमी. मधलं काही तुला सुचतच नाही.

चाकांबद्दल बोलायलाच नको, पण बोलतो. 50 मिलिमीटर खोल कार्बन रिम, पुढे फक्त 20 स्पोक. वारा कापायला खोल रिमचा उपयोग होतो, नाही असं नाही; पण वाऱ्याचा मोठा अडथळा तुझं अंग असतं आणि तुझी सरासरी ताशी 22 ची. त्यातून मोकळ्या माळावर आडवा वारा सुटला की पुढचं चाक हातात राहत नाही. 20 पैकी एक स्पोक तुटला की चाक डगमगून ब्रेकला घासणार. 32 स्पोकांचं साधं अ‍ॅल्युमिनियमचं चाक एक तुटला तरी घरी आणतं आणि गावातला सायकलवालाही त्याचा आउट काढून देतो. तुझे चपटे स्पोक त्याच्याकडे मिळणार आहेत का? दुकानदारानं विकलं, तू घेतलंस. हौसेला मोल नसतं, पण अकलेला असतं.

आता वहीत लिही. 28 चा टायर लावून फ्रेम आणि ब्रेकमध्ये दोन्ही बाजूंना 4 मिलिमीटर मोकळं राहत असेल तर तोच लाव. चिमटीत धरला की सहज दुमडेल असा पातळ, लवचीक. पंक्चर नको म्हणून पुठ्ठ्यासारखा जाड उचलून आणू नकोस, तो रुंद असूनही रडत चालतो. तुझ्या वजनाला मागे 75 च्या आसपास हवा, पुढे पाचेक कमी. तिथून दोन-दोननं खाली उतर. वळणावर टायर लोळायला लागला किंवा खड्ड्यात रिम ठेचली की खूप झालं, थोडी वाढव. आणि हे गेजच्या पंपानं, अंगठ्यानं दाबून नव्हे.

ती कार्बनची चाकं उतरवून ठेव. शनिवारी 28 लावून बापदेव घाट चढून-उतरून दाखव आणि हवेचे आकडे वहीत मांडून आण. तोवर पुढच्या बीआरएमच्या यादीत तुझं नाव मी घालणार नाही.