रकान्यातलं खरं

बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, बीड जिल्ह्याच्या धारूर तालुक्यात, एक गाव होतं. दसरा सरला की निम्मं गाव ऊसतोडीसाठी कोयता घेऊन बाहेर पडायचं. कोणी सांगली-कोल्हापूरकडं जायचं, कोणी कर्नाटकातल्या कारखान्यांवर. गाळप संपून पट्टा पडेपर्यंत गावात उरायची म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी लेकरं. या लेकरांना दोनच आधार होते. एक जिल्हा परिषदेची प्रशाला. दुसरा ग्रामपंचायतीच्या इमारतीत, कडेच्या खोलीत चालणारं सार्वजनिक वाचनालय.

प्रशालेच्या मुख्याध्यापकांना गाव 'मोठे सर' म्हणायचं. माणूस मनानंही मोठा होता. मागं कधीतरी एका योजनेत आलेले संगणक शाळेत होते, पण त्यांना जोडायला इंटरनेट नव्हतं. सरांनी त्यावर स्वतःच तोडगा काढला होता. ते आपला मोबाईल खिडकीत ठेवून त्याचं हॉटस्पॉट सुरू करत आणि त्याच्यावर सगळी शाळा चाले. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षावरचा धडा दाखवायचा, आठवीच्या मुलांचे एनएमएमएस शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे, ऑनलाइन माहिती पाठवायची, सगळं त्याच मोबाईलवर. रिचार्जचे पैसे सरांच्या खिशातून जात. त्याबद्दल ते कधी चकार शब्द काढत नसत.

दरवर्षी शाळेची सगळी माहिती यू-डायस प्लसवर भरावी लागते. पटसंख्या, वर्गखोल्या, शौचालयं, वीज, पाणी, संगणक, इंटरनेट, प्रत्येकाला रकाना असतो. इंटरनेटचा रकाना आला की सर न थांबता 'होय' नोंदवत. केंद्र शाळेच्या बैठकीत मोठ्या पडद्यावर सगळ्या शाळांची माहिती लागायची, तेव्हा आपल्या शाळेपुढं 'नाही' दिसावं हे त्यांना सोसत नसे. शिवाय नेट तर चालत होतंच. मग 'होय' लिहिलं तर त्यात खोटं काय, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

१ फेब्रुवारी २०२५ ला केंद्र सरकारचा अर्थसंकल्प मांडला गेला. ग्रामीण भागातल्या सगळ्या सरकारी माध्यमिक शाळांना आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांना भारतनेट योजनेतून ब्रॉडबँड जोडण्याची घोषणा त्यात होती. सरांना फार आनंद झाला. मराठवाड्यात जिल्हा परिषदा दहावीपर्यंतच्या प्रशाला चालवतात, म्हणजे आपली शाळा यात बसणारच. त्यांनी मुलांनाही सांगून टाकलं.

पावसाळ्यात तालुक्याला एका बैठकीत पहिल्या टप्प्यातल्या शाळांची यादी वाचून दाखवली. शेजारच्या गावाची शाळा तिच्यात होती. सरांची नव्हती.

त्या दिवशी सर तालुक्याला, म्हणजे त्यांचा मोबाईलही तालुक्याला. इकडं दहावीच्या मुली संगणक लावून बसल्या होत्या आणि पडद्यावर नुसतं चाक फिरत होतं. संध्याकाळी सर परतले तेव्हा एक मुलगी वाटेत भेटली. आई-बाप ऊसतोडीला, ती आजीपाशी राहून शिकणारी. ती म्हणाली, "सर, तुम्ही गावाला गेलात की शाळेचं नेट बी जातंय बघा."

सर काही बोलले नाहीत. त्यांच्या डोक्यात यादी होती. रात्री बसून त्यांनी दोन पानी तक्रार लिहिली. आमच्या शाळेवर अन्याय झाला आहे, डोंगरातल्या गावाकडं कोणाचं लक्ष नाही, असं बरंच काही. ती घेऊन सकाळी ते वाचनालयात गेले.

वाचनालयाचे ग्रंथपाल आबा वर्तमानपत्रांना काठ्या लावत बसले होते. वाचनालय 'ड', म्हणजे सर्वांत खालच्या, वर्गाचं. त्याचं वर्षाचं अनुदान कित्येक वर्षं ३० हजार रुपये होतं. २०२२-२३ मध्ये ६० टक्के वाढ झाली, तेव्हा ते ४८ हजारांवर गेलं. त्यातच पुस्तकं, वर्तमानपत्रं, दिवाबत्ती आणि आबांचं मानधन. पण आबांचं हजेरीपुस्तक, पुस्तकांचं दाखलनोंद रजिस्टर आणि देवघेवीची वही कोणीही, कधीही उघडून पाहावी अशी असे.

आबांनी तक्रार शांतपणे वाचली. मग विचारलं, "सर, यू-डायसला नेटच्या रकान्यात आपन काय लिवलंय?"

"होय."

"मग यादी करनाऱ्याचं काय चुकलं? ज्यांच्याकडं न्हाई त्यांना आधी द्यायचं म्हनून यादी केली. आपन तर आहे म्हनून लिवलंय."

"आबा, पण नेट चालतंय ना! मी माझ्या पैशानं चालवतोय."

"त्ये तुमचं झालं सर. शाळेचं कुठं हाय? तुमची उद्या बदली झाली तर?"

सरांना कालची मुलगी आठवली. तिनं जे सहज सांगितलं होतं तेच आबा विचारत होते. शाळेचं इंटरनेट सरांच्या शर्टाच्या खिशात बसून मोटारसायकलवर तालुक्याला जाऊन आलं होतं.

थोड्या वेळानं सर म्हणाले, "आता 'नाही' लिहिलं तर मागची सगळी वर्षं खोटी पडतील. वर नोटीस येईल. गाव काय म्हणेल?"

आबांनी कपाटातून एक जुनं रजिस्टर काढलं. "बसा. तुम्हाला दोन गोष्टी आठवत असतील. २०११ च्या ऑक्टोबरात, ३ ते ५ तारखेला, साऱ्या राज्यात शाळांची पटपडताळणी झाली. लेकरांच्या बोटाला शाई लावून मोजलं. कागदावरची किती लेकरं वर्गात नव्हतीच, हे साऱ्यांनी बघितलं. मग २०१२ ला ग्रंथालयांची पडताळणी लागली. माझ्याकडं पथक आलं. पुस्तकं मोजली, रजिस्टर बघितलं, आकडा जुळला. पथक चहा पिऊन गेलं."

"मग तुमचं तर चांगलंच झालं."

"कुठं चांगलं? ज्यांची ग्रंथालयं नुसती कागदावर होती त्यांच्यापायी नवी मान्यता थांबली, दर्जावाढ थांबली. माझं वाचनालय 'क' वर्गात जायच्या तयारीत होतं. त्ये 'ड' मधीच राह्यलं, वर्षानुवर्षं. खोटं त्यांनी लिवलं आन भरपाई माझ्या वाचकांनी केली." आबांनी रजिस्टर मिटलं. "तुमचं खोटं चांगल्या मनाचं हाय, मला ठावं हाय. पन रकान्याला मन दिसत न्हाई सर. त्याला 'होय' आन 'नाही' एवढंच कळतं."

सरांनी दोन पानी तक्रार घडी करून खिशात घातली आणि तिथंच बसून अर्ध्या पानाचा अर्ज लिहिला. शाळेत स्वतंत्र इंटरनेट जोडणी नाही. आजवर मुख्याध्यापकांच्या मोबाईलवरून काम भागवलं. त्यामुळं रकान्यात चुकीची माहिती गेली. ती दुरुस्त करून शाळेचा पुढच्या टप्प्यात विचार व्हावा. खाली पटसंख्या, दहावीची मुलं, संगणकांची संख्या आणि चालू-बंद स्थिती. तक्रारीत राग होता, अर्जात माहिती होती.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत सरांनी हा अर्ज सगळ्यांसमोर वाचला. एक पुढारी उठला. "सर, शाळेत इंटरनेट न्हाई म्हनून आपनच लिवून द्यायचं? तालुक्यात गावाची काय अब्रू ऱ्हाईल?"

मागच्या ओळीतून त्या मुलीची आजी उभी राहिली. "डागदरपुढं बसायचं आन दुखनं लपवायचं, त्यानं गुन कसा यायचा? माझ्या लेकानं उचल घेतली, कोयता घेतला, त्ये पोरीनं शिकावं म्हनून. अब्रू तिच्या शिकन्यात हाय."

सभा गप्प झाली. मग बोलणं कामाच्या गोष्टींवर आलं. पंचायतीच्याच इमारतीत भारतनेटचं यंत्र कपाटात बंद होतं, हे निम्म्या गावाला माहीत नव्हतं. प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत प्रकाशतंतूची तार नेण्याच्या या योजनेला केंद्रानं २०११ मध्ये मंजुरी दिली होती. गावात तार आली होती, पण रस्त्याच्या खोदकामात तुटली आणि बॅटरी उतरली. 'गावाला नेट आलं' ही नोंद मात्र कुठंतरी तशीच राहिली होती. म्हणजे शाळेच्या रकान्यात जे झालं होतं, तेच पंचायतीच्या रकान्यातही झालं होतं.

तीन ठराव झाले. तार दुरुस्तीची लेखी मागणी करायची. ती जोडणी पंचायतीबरोबर वाचनालयाला आणि तिथून शाळेला द्यावी असा अर्ज करायचा. आणि महिन्याच्या बिलाची तरतूद गावाच्या विकास आराखड्यात धरायची. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधील होती. उरलेले ४० टक्के गाव आपल्या गरजेनुसार वापरू शकत होतं, त्यातून पगार मात्र करता येत नव्हते. ग्रामसेवकांनी हे समजावून सांगितलं आणि ठरावात तसं लिहिलं.

आबांनी त्याच्यापुढचं काम मुलांवर सोपवलं. वाचनालयात एक नवी वही घातली. रोज दोन मुलांनी यायचं, यंत्राचा दिवा पाहायचा आणि लिहायचं: तारीख, वेळ, चालू की बंद, बंद असेल तर वीज होती की नव्हती. मुलांनी एक दिवसही चुकवला नाही. 'आमचं नेट नेहमीच बंद असतं' असं सांगणारे तालुक्याला खूप जण जायचे. या गावानं वहीच्या पानांची प्रत अर्जाला जोडली. तिच्यावरून कोणाला वाद घालता येईना. बिघाड विजेचा नसून तारेचा आहे, हेही त्या पानांवरून दिसत होतं.

३० सप्टेंबर हा यू-डायस प्लसचा संदर्भ दिनांक. त्या वर्षी सरांनी इंटरनेटच्या रकान्यात 'नाही' नोंदवलं. गटशिक्षण कार्यालयात त्यांना खुलासा द्यावा लागला. त्यांनी तो दिला, आडपडदा न ठेवता. अधिकाऱ्यांनी अर्ज ठेवून घेतला आणि स्पष्ट सांगितलं, "पहिला टप्पा गेला. आता पुढच्या वेळी."

खरं बोलल्याचं बक्षीस लगेच मिळालं नाही. शेजारच्या शाळेत जोडणी झाली तेव्हा या शाळेतली मुलं ती बघायला गेली. पण ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या सुमाराला पंचायतीची तार दुरुस्त झाली आणि वाचनालयाच्या खोलीत पहिल्यांदा गावाचं स्वतःचं इंटरनेट सुरू झालं. शाळेतले चालू स्थितीतले दोन संगणक तिथं आणून मांडले. शाळेचं नावही पुढच्या टप्प्यासाठीच्या यादीत लागलं. आता सर तालुक्याला गेले तरी मुलींचा अभ्यास थांबत नव्हता.

कथा इथं संपते. गाव आणि माणसं कथेतली आहेत, पण तो रकाना प्रत्येक शाळेत आहे.

ज्यासाठी या गावानं अर्ज केला ती कोणाची मेहेरबानी नव्हती. दूरसंचार कंपन्या आपल्या समायोजित महसुलाचा ५ टक्के भाग ग्रामीण भागात सेवा पोचवण्याच्या निधीत भरतात. या निधीचं आजचं नाव डिजिटल भारत निधी, आणि भारतनेटचा खर्च त्यातून होतो. महसूल येतो ग्राहकांच्या रिचार्जमधून. म्हणजे मुलीला फोन लावण्यासाठी कारखान्यावरून रिचार्ज मारणारा ऊसतोड बापही त्या निधीत भर घालतो. आपल्याच ठेवीसाठी अर्ज करताना मान खाली घालायचं कारण नाही.

अमेरिकेतही असाच निधी आहे. तिथल्या १९९६ च्या दूरसंचार कायद्यानुसार शाळांना आणि ग्रंथालयांना इंटरनेटच्या खर्चात २० ते ९० टक्के सवलत मिळते. किती मिळणार हे ठरतं शाळेतली किती मुलं सवलतीच्या दुपारच्या जेवणाला पात्र आहेत आणि शाळा शहरात आहे की खेड्यात, यावरून. ग्रंथालयाची सवलतही त्याच भागातल्या शाळांच्या आकड्यांवर ठरते. तिथं एखाद्या शाळेनं अब्रूपायी आपली गरिबी लपवली, तर सवलत कमी होईल, आणि शेजारच्या ग्रंथालयालाही त्याचा फटका बसेल. आपल्याकडं समग्र शिक्षा योजनेचं वार्षिक नियोजनही यू-डायसच्या माहितीवरच उभं राहतं. आपण उणीव झाकली की नियोजनात ती उणीव नसतेच, आणि जी नाही तिच्यासाठी पैसाही नसतो.

मोठ्या सरांचा त्याग खरा होता. पण एका माणसाच्या त्यागानं संस्थेची उणीव झाकली जाते, भरून निघत नाही. ती भरायची तर तिची नोंद व्हावी लागते, अर्ज करावा लागतो, त्याला पुरावा जोडावा लागतो आणि आपली पाळी येईपर्यंत पाठपुरावा करावा लागतो.

म्हणून शाळेची माहिती भरायला बसाल तेव्हा आहे ते 'आहे' लिहा आणि नाही ते 'नाही' लिहा. मागं चुकलं असेल तर या वर्षी दुरुस्त करा. पडद्यावर शाळेचं नाव चांगलं दिसण्यापेक्षा वर्गातल्या लेकराला त्याच्या हक्काचं मिळणं मोठं आहे, आणि ते मिळण्याची सुरुवात खऱ्या नोंदीपासून होते.